पांढऱ्या खोलीतले भाऊ

पोत्यांच्या खोलीत जायचं असेल तर आधी दारात उभं राहून आपलं नाव सांगायचं, असा भाऊंचा नियम होता. पुटपुटलेलं चालत नसे. नीट ऐकू जाईल असं सांगावं लागे.

सूक्ष्मजीवशास्त्राची पदवी घेऊन मी चंद्रपूरहून आरमोरीजवळच्या त्या कारखान्यात नोकरीला लागले, तेव्हा पहिल्याच सकाळी हा नियम आडवा आला. मी कडीला हात घालणार तोच बाजूच्या स्टुलावरून एक उंच, वाळलेला माणूस उठला. पांढरा सदरा, खांद्यावर दुपट्टा, पायांत काही नाही.

"नाव सांगा," तो म्हणाला.

"मी नवीन आलेय. मालकांनी सांगितलं असेल ना तुम्हाला?"

"मले नाई सांगाचं. आत सांगा."

मी फटीतून पाहिलं. आत अंधार, आणि अंधारात छतापर्यंत रचलेली पांढरी पोती. माणूस कोणीच नव्हता. नव्या पोरीची थट्टा चाललीय असं वाटून मी आवारात तणस, म्हणजे धानाचा पेंढा, कापत बसलेल्या बायांकडे वळून पाहिलं. एकही हसत नव्हती. विळे थांबवून त्या माझ्या तोंडाकडे बघत होत्या. शेवटी मी त्या सहाशे पोत्यांना माझं नाव सांगितलं, शाळेत हजेरी देतात तसं. भाऊंनी मान तिरकी करून थोडा वेळ काहीतरी ऐकलं आणि कडी काढली.

"जा. झाली वळख."

कारखाना म्हणजे एक बंद पडलेली राईस मिल होती. यंत्रानं धान कापायला लागल्यापासून शेताच्या बांध्यांमध्ये तणस तसंच पडून राहायचं आणि लोक ते पेटवून द्यायचे. ते आम्ही गोळा करायचो, कापायचो, टाक्यात भिजवायचो, वाफेवर शिजवून थंड करायचो. मग ज्वारीच्या दाण्यांवर वाढवलेली बुरशी त्यात मिसळून पोती भरायची आणि काळोख्या, उबदार खोलीत ठेवून द्यायची. बुरशीचे धागे तणसात पसरत जातात. काडीतल्या तंतूंना एकमेकांशी चिकटवून धरणारा जो चिवट भाग असतो, तो ही बुरशी आधी खाते आणि तंतू मोकळे सोडते. पिवळी काडी पांढरी होते, दोन बोटांत चुरगाळता येते. पुढे तिचा लगदा करायला थोडा सोडा आणि थोडी आंच पुरते. त्या लगद्याचे आम्ही पुठ्ठे काढत असू.

हे सगळं मी पुस्तकात वाचलेलं होतं. पुस्तकात नव्हतं ते त्या खोलीचं अंग. दिवसाढवळ्या तिथं गेलं तरी डोळे सरावायला वेळ लागे. पोत्याला हात लावला तर झोपलेल्या माणसाच्या पाठीसारखं कोमट लागे. जमिनीवर एक कंदील जळत असायचा. त्याची वात आपोआप बारीक झाली की भाऊ सगळ्यांना बाहेर काढून दोन्ही दारं उघडत. "तिचा श्वास भरला," म्हणत. त्यात खोटं काही नव्हतं. बुरशीही आपल्यासारखाच श्वास घेते, बंद खोलीतली हवा जड होते. मी वहीत तसं लिहिलं. पण भाऊ 'तिचा' का म्हणतात, हे मला तेव्हा विचारावंसं वाटलं नाही. बुरशी स्त्रीलिंगीच की.

भाऊंचं शिक्षण सातवीपर्यंत. कारखान्यात ते चौकीदार म्हणून लागले होते आणि मी आले तोवर खोली त्यांची झाली होती. ते पोत्यावर तळहात ठेवत, डोळे मिटत आणि सांगत, "हे उपाशी आहे," किंवा "याच्यात पानी जास्त झालं." मी थर्मामीटर खुपसून बघायची. दर वेळी त्यांचं खरं निघायचं. पहिल्या दोन महिन्यांनंतर मी तपासणं सोडून दिलं.

ते पोत्यांशी बोलत. मोठ्यानं नव्हे, घरात भाजी निवडताना बोलतात तसं. आज लाईन तीन घंटे नव्हती. धानाचे रोवणे सुरू झाले. यमुनाबाईच्या सुनेले पोरगी झाली. बाहेर मी असले की त्यांचं बोलणं दाराआडून ऐकू यायचं, मध्येच थांबायचं, जेवढ्यात दुसरं कोणी उत्तर देईल तेवढा वेळ जायचा आणि मग "हो, थे बी आहे," असं म्हणून पुढे सुरू व्हायचं.

खोलीच्या मागच्या भिंतीला एक फळी होती आणि तिच्यावर काचेच्या बरण्या. भाऊ बुरशीला निरनिराळ्या वस्तू खायला घालून बघत. वर्तमानपत्राचा तुकडा, पऱ्हाटीची काडी, सुताची गुंडी, सागाचा भुसा, चामडी चपलेचा अंगठा. बरण्यांवर नावं नव्हती. विचारलं की ते बोटानं दाखवून सांगत: हे खाल्लं, हे अर्धं टाकलं, हे आवडते तिले. एका बरणीत केस होते. लांब, काळे, विंचरून गुंडाळी केलेले, बाईमाणसाचे. बुरशी चहूबाजूंनी वाढून आली होती, पण केसांना तिनं स्पर्श केला नव्हता. पांढऱ्या कापसात ठेवावी तशी ती काळी गुंडाळी चकचकत होती.

"केस नाई खात थे," भाऊ म्हणाले. "दोन वर्सं झाले. सोडून देल्ले तिनं."

"कुणाचे आहेत?"

त्यांनी बरणी माझ्या हातातून घेतली, दुपट्ट्यानं पुसली आणि जागेवर ठेवली.

मालक नागपूरचे होते, महिन्यातून दोनदा येत. भाऊंना ते सांभाळून घेत, कारण कारखाना भाऊंच्या बुरशीवर चालत होता. सुरुवातीला प्रयोगशाळेतून विकत आणलेली बुरशी वापरायचे, तिला तणस मऊ करायला तीन आठवडे लागत. भाऊंची नऊ दिवसांत करायची. कुठून आणली, हे त्यांनी कोणालाच सांगितलं नव्हतं. मालक तिला 'जंगलवाली' म्हणत. एकदा त्यांनी ती ओळख पटवण्यासाठी बाहेर पाठवायची गोष्ट काढली. भाऊ एवढंच म्हणाले, "तिचं नाव मले माहीत आहे." आणि त्या दिवशी ते जेवले नाहीत.

तणस कापणाऱ्या यमुनाबाईनं मला अर्धीमुर्धी गोष्ट सांगितली. ती भाऊंच्याच गावची.

"बायको होती त्याईची. सात्या आनाले रानात गेली आन आलीच नाई."

पावसाळ्यात आमच्याकडे रानात वारुळांवर सात्या, म्हणजे खायच्या रानअळंब्या, उगवतात, त्या आणायला बाया पहाटे टोपल्या घेऊन जातात.

"वाघ?" मी विचारलं.

"लोकं तसंच म्हन्तात. पाह्यलं कोनी? तीन दिवस सारं गाव फिरलं. टोपली भेटली नाल्याच्या काठावर, भरलेली. बाकी काहीच नाई, म्याडम. लुगड्याची चिंधी बी नाई."

मी आल्याच्या दुसऱ्या श्रावणात खोलीत हिरवी बुरशी घुसली. पोत्यांच्या धंद्यातलं हे मरण. आधी एका पोत्यावर शेवाळासारखा डाग दिसला, तिसऱ्या दिवशी चाळीस पोत्यांवर, आणि आठवड्यात तीनशेच्या वर. हिरवी ही पांढरीलाच खाते. मी फॉर्मलिन फवारलं, चुना टाकला, पोती बाहेर काढायला सांगितली. मजूर पोती फरफटत नेऊ लागले तसे भाऊ मधे आले. त्यांनी एकेक पोतं दोन्ही हातांवर आडवं घेतलं आणि स्वतः बाहेर नेऊन ठेवलं. तीनशेच्या वर पोती. संध्याकाळपर्यंत त्यांचा सदरा हिरवा झाला होता.

सगळ्यात वाईट बातमी माझ्याकडे होती. मी काचेच्या नळ्यांमध्ये मूळ बुरशी राखून ठेवली होती; त्या नळ्यांमध्येही हिरवी शिरली होती. चूक माझीच. नळ्या भरताना घाई केली होती. मी भाऊंना सांगितलं तेव्हा वाटलं, ते ओरडतील. त्यांनी फक्त विचारलं, "सारी गेली?"

"सारी. उरलेल्या पोत्यांत, बरण्यांतही हिरवी शिरलीय. जिथून आणली तिथून पुन्हा आणावी लागेल, भाऊ."

त्यांनी खोलीची कडी लावली. मग म्हणाले, "उद्या सकाळी यष्टीनं निघू. तुमी बी चला. मले आता धीर नाई एकट्याले."

त्यांचं गाव कुरखेड्याच्या बाजूला, रानाला लागून. फाट्यावर उतरून आम्ही अर्धा तास चाललो. ऊन पडलं होतं, झाडं ठिबकत होती, माणूस दिसत नव्हतं. गावाच्या शेवटाला त्यांचं घर, कुडाच्या भिंतींचं, वर कवेलूंचं छप्पर. भाऊ आता कारखान्यातच राहत असल्यामुळे घराला कुलूप होतं. त्यांनी कुलूप काढलं, पण दार ढकललं नाही.

"नाव सांगा, म्याडम."

मी त्यांच्याकडे पाहिलं.

"तिले दिसत नव्हतं बराबर," ते म्हणाले. "दारात कोनी आलं का विचारे, कोन आहे? नाव सांगल्यावरच हासे."

मी नाव सांगितलं. आतून अर्थातच काही आलं नाही, पण मी वाट पाहिली, हे मला कबूल केलं पाहिजे. भाऊंनी दार ढकललं.

आत कोपऱ्यात चूल, बुद्धाची तसबीर, दोरीवर एक लुगडं, आणि आढ्याला लटकवलेली टोपली. टोपली होती हे आकारावरून समजायचं. ती सगळीच्या सगळी पांढरी होती. दुधाची साय जाड होऊन बसावी तशी बुरशी तिच्यावर चढली होती, आणि बांबूच्या पट्ट्यांची वीण त्या सायीखालून उमटून आली होती. जिथून टोपली टांगली होती तिथून आढ्याच्या लाकडातही पांढरे धागे निघून भिंतीपर्यंत गेले होते. भाऊंनी आढ्याला अंगठा दाबला. अंगठा आत गेला, ताज्या पावात जावा तसा.

"नाल्यावरून आनली तशीच टांगली मी. सात्या होत्या तिच्यात, सडू देल्ल्या. फेकवत नव्हतं. दोन पावसाळे गेले आन तिसऱ्याले हे आलं." ते टोपलीकडे बोट न दाखवता बोलत होते. "लोकं म्हने, जाळ. मी म्हटलं, काऊन जाळू? मले तं वाटलं, आली. मंग कारखाना सुरू झाला, चौकीदारी भेटली. तिथली बुरशी चालून नोती राह्यली. मी याच्यातला एक तुकडा घेऊन गेलो आन एका पोत्यात ठेवला. कोनाले सांगलं नाई. नऊ दिवसात पोतं पांढरं."

मला तेव्हा एक गोष्ट माहीत होती आणि ती मी सांगितली नाही. सात्यांची बुरशी वारुळातल्या वाळवीशिवाय जगत नाही. टोपलीवरची ही तिच्या सात्यांमधून आलेली असूच शकत नव्हती. लाकूड कुजवणारी कुठली तरी रानबुरशी हवेतून उडत आली असेल, ओल्या बांबूवर बसली असेल. टोपली कोणाची, हे तिला माहीत असायचं कारण नव्हतं. पण मी पदवीची पुस्तकं आठवत तिथं उभी होते, आणि भाऊ टोपलीच्या काठाचा तुकडा मोडताना तिला म्हणत होते, "दुखन थोडं."

परतीच्या यष्टीत तो तुकडा स्टीलच्या डब्यात भाऊंच्या मांडीवर होता. ते खिडकीबाहेर बघत होते. मध्येच विचारलं, "म्याडम, हिले बी येते का? बियानं?"

मला बरं वाटलं. काहीतरी शास्त्रातलं बोलायला मिळालं. मी त्यांना सांगितलं की पोतं वेळेवर फोडलं नाही तर बुरशीला छत्र्या येतात, छत्र्यांखालून बारीक बी झडतं, पिठाहून बारीक, आणि हवेत तरंगत राहतं.

"आपल्या श्वासात जाते?"

"जातं ना. म्हणून तर आपण छत्र्या येऊ देत नाही."

"मंग बाहेर निंगते का आतच रायते?"

"काही खोकून बाहेर पडतं. काही राहतं."

"रायते?"

"राहतं," मी म्हटलं. मास्क लावायला हवा, असंही म्हटलं. पण ते त्यांनी ऐकलं की नाही, सांगता येत नाही. ते डब्याकडे बघत होते.

तुकड्यातून मी बुरशी पुन्हा वेगळी केली. या वेळी नळ्या भरताना मी घाई केली नाही, आणि एकही नळी बिघडली नाही. महिन्याभरात खोली पूर्वीसारखी पांढरी झाली. मालकांनी पेढे वाटले. मला वाटलं, संपलं एकदाचं.

हिवाळ्यात भाऊंना दम लागू लागला. स्टुलावरून उठून दारापर्यंत येताना ते एकदा थांबत. गालफडं बसली. मी त्यांना गडचिरोलीला डॉक्टरकडे नेलं. छातीच्या फोटोत दोन्ही बाजूंना धुकं धरल्यासारखं दिसत होतं. डॉक्टरांनी धूळ, भुसा, कोंडा असं सगळं विचारलं आणि खोलीत पाऊल टाकायचं नाही असं बजावलं. मी सांगितलं की आमच्याकडे पोती छत्री यायच्या आत फोडली जातात, बी झडायचा प्रश्नच नाही. मी बोलत होते त्यावर माझा विश्वास होता. भाऊ शेजारी मान खाली घालून बसले होते.

फाल्गुनातल्या एका दुपारी जेवणाच्या सुट्टीत भाऊ कुठे दिसेनात. यमुनाबाई माझ्या टेबलाशी आली आणि दाराकडे बघत म्हणाली, "म्याडम, कोंड्याच्या खोलीत पाहा. आमी कोनी जात नाई तिथी." जुन्या मिलची ती खोली पार मागे होती, तिच्यात मोडकी यंत्रं पडलेली. दार आतून लोटलेलं होतं. मी ते ढकललं.

छताचा पत्रा एका जागी फाटला होता आणि तिथून उन्हाचा एक सरळ पट्टा खाली आला होता. त्या पट्ट्यात धूर वर चढत होता. मला आधी वाटलं, आग लागली. मग दिसलं की धुराला वास नाही, आणि तो कुठूनच येत नाहीये, सगळीकडून येतोय. भिंतीला लागून पोती उभी होती, चाळीसएक. प्रत्येक पोतं फुटून त्यातून राखी-पांढऱ्या छत्र्यांचे घोस बाहेर आले होते, तळहाताएवढ्या, एकावर एक, कानांसारख्या वळलेल्या. त्यांच्या खालून बी झडत होतं. यंत्रांवर, जमिनीवर, सगळीकडे पांढरं पीठ साचलं होतं आणि त्या पिठात ये-जा केलेल्या अनवाणी पावलांचे ठसे होते.

मधोमध स्टूल टाकून भाऊ बसले होते. दुपट्टा खाली पडला होता. डोळे मिटलेले, तोंड उघडं. ते श्वास आत घेत होते, थांबत होते आणि शक्य तितका उशिरा सोडत होते. भुवया, पापण्या पांढऱ्या झाल्या होत्या.

"भाऊ!"

त्यांनी डोळे उघडले. मी इथं येणार हे त्यांना ठाऊक असावं, असं बघितलं.

"नाव नाई सांगलं तुमी," ते म्हणाले.

"उठा. आधी बाहेर चला. हे बी आहे, भाऊ, तुमच्या छातीत—"

"माहीत आहे. तुमीच तं सांगलं." दोन वाक्यांच्या मध्ये त्यांना दम खावा लागत होता. "पोत्यात किती दिवस ठेवू तिले? नवव्या दिवशी फोडा, शिजवा, पुठ्ठा करा. परत नवं पोतं. परत शिजवा. किती येळा... मी पाह्यलं, म्याडम, किती येळा. म्हटलं, आता अशी ठेवतो का कोनी नेनार नाई."

मी तोंडाला ओढणी बांधली आणि त्यांना बगलेत धरून ओढलं. ते उंच होते, पण वजन असं नव्हतंच. दारापर्यंत येताना माझ्याही तोंडात ते पीठ गेलं. चव गोडसर होती. यमुनाबाई आणि दोघे मजूर धावत आले.

त्या रात्री दवाखान्यात त्यांना प्राणवायू लावला. डॉक्टरांनी मला बाहेर बोलावून विचारलं की हा माणूस रोज त्या खोलीत किती वेळ बसत होता. मला माहीत नव्हतं. नंतर यमुनाबाईनं सांगितलं, दिवाळीपासून, रोज दुपारी, जेवणाची सुट्टी संपेपर्यंत. बायांना ते माहीत होतं. कोणी सांगितलं नाही, कारण तिथं दोन माणसं बसली आहेत असं त्यांना वाटायचं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती चाळीस पोती मी वाफेच्या टाकीत भरायला लावली. झडप मी स्वतः फिरवली. दुसऱ्या कोणाच्या हातून ते होणं मला बरोबर वाटलं नाही. मी विचार केला नव्हता तो वासाचा. थोड्या वेळात आवारभर सात्या शिजल्याचा वास पसरला, पावसाळ्यात घरोघरी येतो तसाच, तिखटामिठाविना. बायांचे विळे थांबले. भूक लागावी असा तो वास होता. त्या एकमेकींकडे बघत नव्हत्या. यमुनाबाई उठून फाटकाबाहेर गेली आणि टाकी थंड होईस्तोवर परत आली नाही.

चार दिवसांनी भाऊ बोलू लागले. मला खुणेनं जवळ बोलावून विचारलं, "सारी शिजवली?"

"ती चाळीस. नळ्या आहेत माझ्याकडे. खोलीत पोती आहेत."

त्यांनी मान हलवली आणि डोळे मिटले. मला खोटं बोलावं लागलं नाही याचं मला फार समाधान वाटलं होतं.

भाऊ बरे झाले असं म्हणता येणार नाही. ते परत आले ते फाटकावर बसायला. येणाऱ्या तणसाच्या गाड्या बघायच्या, ओलं-कोरडं सांगायचं. खोलीकडे त्यांनी पुन्हा पाऊल टाकलं नाही आणि कधी चौकशी केली नाही. नियम मात्र राहिला. बाया, मजूर, मी, सगळे दारात नाव सांगूनच आत जात असू. मालकसुद्धा.

पुढची तीन वर्षं मी ती बुरशी जपली. नळीतून नळीत, नळीतून दाण्यावर. पण एकच बुरशी पुन्हा पुन्हा कापून वाढवत राहिलं की ती म्हातारी होते. नवाचे अकरा दिवस झाले, मग पंधरा. पोती मधेच करडी राहू लागली. एकदा मी भाऊंना विचारलं की टोपलीचा अजून एखादा तुकडा मिळेल का. ते म्हणाले, "टोपली संपली. मांगच्या पावसात आढं बी बसलं. मातीच आहे आता." शेवटच्या नळीतले धागे एका सकाळी पिवळे पडून काचेपासून सुटलेले दिसले. मी पंधरा दिवस वाट पाहिली, तीन प्रकारच्या खाद्यावर लावून पाहिलं. काही उगवलं नाही. मालकांनी बाहेरून दुसरी बुरशी मागवली.

मी फाटकावर गेले, भाऊंच्या शेजारी बसले आणि सांगितलं.

तणसाची एक गाडी आली, तिच्यावर हात फिरवून त्यांनी ती आत सोडली. मग म्हणाले, "म्हंजे आता गेली."

"हो, भाऊ."

"पुण्यानुमोदन केलं नोतं मी. लोकं लय म्हने, करून टाक. मी म्हनो, कशाचं करू? गेल्यावर करतात थे." ते उठले. "पौर्णिमेले करतो. तुमी या."

मी गेले. गावच्या विहारात सकाळी कार्यक्रम होता. पंचवीसेक माणसं, सगळी पांढऱ्या कपड्यांत. तिचा फोटो नव्हता. टेबलावर नुसती फुलं आणि मेणबत्ती ठेवली होती. वंदना झाली, लोकांनी तिच्याविषयी दोन-दोन शब्द सांगितले. हसरी होती, गाणं चांगलं म्हणे, कोणाच्याही शेतात रोवण्याला जाई. त्या दिवशी मला पहिल्यांदा तिचं नाव कळलं. भाऊ शांत होते. जेवणं झाल्यावर ते मला फाट्यापर्यंत सोडायला निघाले. नको म्हटलं तरी आले, पंचवीस-तीस पावलांवर थांबत.

फाट्यावर पळसाखाली आम्ही बसची वाट बघत बसलो. दम थोडा बसल्यावर त्यांनी विचारलं, "म्याडम, खरं सांगा. नळीतली मेली. माह्या छातीतली जित्ती असन का?"

इतकी वर्षं मी त्यांच्यापासून काही ना काही राखून ठेवत आले होते. टोपलीचं सांगितलं नव्हतं, सात्यांचं सांगितलं नव्हतं. आज खोटं बोलू नये असं ठरवूनच मी गावात आले होते.

"नाही, भाऊ," मी म्हटलं. "छातीत ती जगत नाही. कधीच जगली नाही."

त्यांनी ते नीट ऐकून घेतलं. दूर वळणावर बस दिसली. ते उठून उभे राहिले, मला पिशवी दिली आणि अगदी साधेपणानं, खरोखरच जाणून घ्यायचं असल्यासारखं म्हणाले,

"मंग रोज सकाळी आत दुखते, थे काय आहे?"

बस येऊन थांबली. मी चढले.